टेंपेस्ट, द

विल्यम शेक्सपिअरचे (१५६४–१६१६) एक उत्तरकालीन पंचांकी नाटक. ते १६१०–११ च्या सुमारास लिहिले गेले. १ नोव्हेंबर १६११ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात पहिल्या जेम्स राजासमोर त्याचा प्रयोग झाल्याची नोंद मिळते. १६१२–१३ च्या हिवाळ्यात राजकन्या एलिझाबेथ हिच्या विवाहोत्सवातही ते सादर झाले. छापील स्वरूपात ते प्रथम १६२३ च्या नाट्यसंग्रहात, म्हणजे ‘फर्स्ट फोलिओ’त आले व त्या ग्रंथात त्याला अग्रस्थान मिळाले. सूड आणि क्षमा, जादूची सत्ता आणि तिचा त्याग हे या नाटकाचे आशयसूत्र असल्याचे दीर्घकाळ मानले गेले. विसाव्या शतकात मात्र त्याच्या समीक्षेचे केंद्र सरकले. बेटाचा स्वामी प्रॉस्परो व त्याचा गुलाम कॅलिबन यांच्या संबंधाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले आणि वसाहतवादी सत्तेचे एक आद्य चित्र म्हणून हे नाटक वाचले जाऊ लागले. हे वाचन संहितेवर बाहेरून लादलेले आहे, की संहितेतच त्याला आधार आहे, हा या नाटकासंबंधीचा कळीचा प्रश्न होय.

मिलानचा ड्यूक प्रॉस्परो ग्रंथांच्या व्यासंगात बुडून राज्यकारभार आपला भाऊ अँटोनिओ याच्यावर सोपवतो. अँटोनिओ नेपल्सचा राजा अलोंझो याच्याशी संगनमत करून त्याला पदच्युत करतो आणि वयाची तीन वर्षेही पुरी न झालेल्या मिरँडा या मुलीसह एका मोडक्या नावेत घालून समुद्रात सोडून देतो. पितापुत्री एका बेटावर येऊन पोहोचतात. अल्जिअर्सहून हद्दपार झालेली सिकोरॅक्स ही चेटकीण पूर्वी तेथे राहून मरण पावलेली असते. तिचा मुलगा कॅलिबन व तिने झाडात कोंडून ठेवलेला एरिअल हा वायुरूप आत्मा, एवढेच तेथे त्यांना भेटतात. बारा वर्षांनी ट्यूनिसमधील विवाहसमारंभ आटोपून परतणारे शत्रूंचे गलबत बेटाजवळून जात असता प्रॉस्परो जादूने वादळ उठवतो आणि सर्वांना आपल्या कह्यात आणतो. पुढे अलोंझोचा मुलगा फर्डिनंड आणि मिरँडा यांचे प्रेम जुळते, शत्रूंना पश्चात्तापाची संधी मिळते, प्रॉस्परो जादूचा त्याग करतो आणि सर्वजण इटलीला परतण्याच्या तयारीला लागतात. नाटकातील सारी कृती एका दुपारच्या काही तासांत घडते. शेक्सपिअरच्या नाट्यसृष्टीत कालैक्याचे असे कसोशीचे पालन विरळाच आढळते.

या कथानकाचा एकच एक मूलाधार सापडत नाही. तथापि काही साधने निश्चितपणे दाखविता येतात. व्हर्जिनियातील इंग्रज वसाहतीकडे निघालेले ‘सी व्हेंचर’ हे गलबत जुलै १६०९ मध्ये वादळात सापडून बर्म्यूडाच्या खडकांवर अडकले. त्यावरील माणसे बचावली, सुमारे दहा महिने त्या बेटांवर राहिली आणि स्वतः बांधलेल्या दोन नौकांतून १६१० मध्ये जेम्सटाउनला पोहोचली. त्यांपैकी सिल्व्हेस्टर जोर्डेन याचा वृत्तांत १६१० मध्ये प्रसिद्ध झाला. विल्यम स्ट्रेची याने लिहिलेले दीर्घ पत्र १६२५ पर्यंत छापले गेले नव्हते. पण त्याची हस्तलिखित प्रत शेक्सपिअरच्या पाहण्यात आली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ब्राझीलमधील आदिवासींविषयीचा माँतेन्यचा निबंध शेक्सपिअरने जॉन फ्लोरिओच्या १६०३ च्या इंग्रजी अनुवादात वाचला होता. दुसऱ्या अंकात वृद्ध गोंझालो आपल्या आदर्श राज्याचे जे स्वप्न रंगवतो, ते या निबंधावरूनच घेतलेले आहे. सिकोरॅक्सचे दैवत सेटेबॉस हे मॅगेलनच्या सफरीच्या वृत्तांतातून आले. ‘कॅलिबन’ हे नाव नरभक्षकवाचक इंग्रजी शब्दाच्या अक्षरांची उलटापालट करून बनविले असावे, असे मत सामान्यतः स्वीकारले जाते.

या साधनांचा विचार करताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. बर्म्यूडा बेटे निर्मनुष्य होती. स्ट्रेचीच्या पत्रात बर्म्यूडापुरता स्वामी आणि सेवक यांच्यातील जो संघर्ष आढळतो, तो गोरे व मूळ रहिवासी यांच्यातील नाही, तो इंग्रजांचा आपसातलाच आहे. येथे अन्न मुबलक आहे, मग व्हर्जिनियात जाऊन उपाशीपोटी राबायचे कशाला, असा सवाल करून काही खलाशांनी व मजुरांनी काम नाकारले. कटांमागून कट झाले आणि हेन्री पेन नावाच्या एका बंडखोराला गोळी घालून ठार करण्यात आले. बेटावर आधीपासून राहणारा आणि त्यावर हक्क सांगणारा माणूस शेक्सपिअरने स्वतः तेथे आणून उभा केला. ज्या गलबतफुटीच्या हकिकतीत असा दावेदार नव्हता, तीतून स्फुरलेल्या नाटकात तो निर्माण करावासा नाटककाराला वाटले, ही बाब वसाहतवादी अन्वयार्थाला मिळणारा पहिला भक्कम आधार आहे. उलट, नाटकातील बेट अटलांटिकमध्ये नाही. ते ट्यूनिस आणि नेपल्स यांच्या दरम्यान भूमध्य समुद्रात कोठेतरी आहे, आणि कॅलिबन हा अमेरिकन आदिवासी नसून एका अल्जिरियन निर्वासितेचा मुलगा आहे, हेही विसरून चालत नाही.

पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश हा या विषयाच्या दृष्टीने नाटकाचा गाभा होय. त्यात प्रॉस्परोचे दोन सेवक पाठोपाठ समोर येतात. एरिअल प्रथम येतो, वादळाची कामगिरी चोख पार पाडल्याचे सांगतो आणि कबूल केलेल्या मुक्तीची आठवण करून देतो. त्याच्या सेवेला मुदत आहे व चांगल्या कामाबद्दल त्या मुदतीत एक वर्षाची सूट मिळण्याचे वचनही त्याला मिळालेले आहे. त्या काळी व्हर्जिनियाला जाणारे इंग्रज नोकर ज्या मुदतबंद करारांनी बांधले जात, त्यांची येथे आठवण होते. पण मुक्तीचे नाव काढताच स्वामी संतापतो. सिकोरॅक्सने पाइन वृक्षाच्या खोडात बारा वर्षे कोंडून ठेवलेल्या एरिअलला आपणच सोडविले, ही हकिकत तो पुन्हा ऐकवतो, आणि कुरकुर केल्यास तितकीच वर्षे ओक वृक्षात खिळून ठेवण्याची धमकी देतो. महिन्यातून एकदा ही आठवण करून द्यावी लागते, असे त्याच्याच बोलण्यात येते. उपकारांची अशी मासिक उजळणी ज्याला करावी लागते, त्याची सत्ता केवळ उपकारांवर उभी नसते, हे प्रेक्षकाच्या ध्यानात येण्यास पुढील प्रवेशाची वाट पाहावी लागत नाही.

कॅलिबनचा आवाज रंगमंचावर त्याच्या आधी येतो. आत पुरेशी लाकडे आहेत, एवढेच तो म्हणतो. या पात्राचा पहिला उद्गार हा कामाला दिलेला नकार आहे. मग तो आपल्या जेवणाचा हक्क सांगतो, आणि त्यानंतर बेटाचा. हे बेट आईकडून आपल्याकडे आले व प्रॉस्परोने ते आपल्यापासून हिरावून घेतले, असा त्याचा स्पष्ट आरोप आहे. तो मांडताना तो केवळ शिव्याशाप देत नाही. घटनांचा क्रम सांगतो. प्रॉस्परो प्रथम आला तेव्हा त्याने आपल्याला गोंजारले, पाण्यात फळे घालून पेय दिले, आकाशातील मोठ्या व लहान प्रकाशांची नावे शिकवली. आपणही त्याच्यावर जीव लावला, बेटावरचे गोड्या पाण्याचे झरे, खाऱ्या पाण्याचे खड्डे, नापीक आणि सुपीक जमिनी दाखविल्या. आता मात्र एकेकाळचा हा राजा त्याचा एकुलता एक प्रजाजन होऊन खडकात कोंडला गेला आहे. येथे दोन देणग्यांचा व्यवहार वर्णिलेला आहे. एकाने शब्द दिले, दुसऱ्याने भूमीचे ज्ञान दिले. त्या ज्ञानाशिवाय नवागत पितापुत्री कदाचित जगलीही नसती. परंतु प्रॉस्परोच्या खातेवहीत शब्दांची देणगी ऋण म्हणून मांडली जाते आणि झऱ्यांची देणगी मांडलीच जात नाही.

या आरोपाला प्रॉस्परो जे उत्तर देतो, ते काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. बेट कोणाचे, या प्रश्नाला तो हातच घालत नाही. आपण कॅलिबनला माणुसकीने वागविले, स्वतःच्या गुहेत ठेवून घेतले, परंतु त्याने मिरँडाचे शील भ्रष्ट करण्याचा प्रयत्न केला, असे तो सांगतो. कॅलिबन हे नाकारत नाही. प्रयत्न फसला नसता तर बेटभर कॅलिबन नांदले असते, असे तो निर्लज्जपणे हसून म्हणतो. हा आरोप नाटकाला वसाहतवादाच्या दृष्टीने पाहणाऱ्या बऱ्याच समीक्षकांना अडचणीचा वाटला आहे. गुलामाला बदनाम करण्यासाठी मालक नेहमीच असे कुभांड रचतो, असे म्हणून तो बाजूस सारण्याकडे त्यांचा कल दिसतो. संहितेचा विचार करता हे समर्थनीय नाही. शेक्सपिअरने कॅलिबनच्या तोंडूनच त्या कृत्याची कबुली वदविली आहे, आणि मिरँडाला झालेल्या उपद्रवाकडे दुर्लक्ष करून कॅलिबनला निष्कलंक हुतात्मा बनविणे म्हणजे एका पात्राला न्याय देण्यासाठी दुसऱ्यावर अन्याय करणे होय. पण याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. अपराधाची शिक्षा म्हणून कोंडून ठेवणे समजू शकते. त्या अपराधामुळे बेटाचे स्वामित्व बदलते आणि अपराध्याचे श्रम आयुष्यभरासाठी फिर्यादीच्या मालकीचे होतात, हे मात्र कोणत्याही न्यायात बसत नाही. प्रॉस्परो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाने देतो. उत्तर इतके खरे आणि इतके क्षोभकारक आहे, की मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला हे पटकन लक्षात येत नाही. शेक्सपिअरच्या नाट्यकौशल्याचा हा भाग होय. वसाहतींच्या पुढील इतिहासात याच युक्तिवादाचा उपयोग किती झाला, हे सांगावयास नको.

भाषेसंबंधीचा वाद याच प्रवेशात उद्भवतो. कॅलिबनला बोलावयास शिकविल्याचे सांगून त्याच्या अधम वंशाचा धिक्कार करणारे भाषण फोलिओत मिरँडाच्या नावावर आहे. कोवळ्या नायिकेच्या मुखी इतकी कठोर भाषा शोभत नाही, या समजुतीने ड्रायडन आणि डॅव्हनंट यांनी आपल्या रूपांतरात ते प्रॉस्परोला दिले. पुढे लूइस थिओबॉल्डने १७३३ च्या आवृत्तीत तसेच केले आणि अनेक संपादकांनी दीर्घकाळ त्याचे अनुकरण केले. हा बदल नाटकाला हानिकारक ठरला. ज्या मुलीवर हल्ला झाला तिचा राग आणि जी शिक्षिका होती तिचा अपेक्षाभंग, असे दोन्ही त्या भाषणात एकवटले आहे. शिवाय स्वामित्वाची दृष्टी पुढच्या पिढीत कशी उतरते, तेही त्यातून दिसते. कॅलिबनचे त्यावरील उत्तर प्रसिद्धच आहे. भाषेचा आपल्याला झालेला लाभ एवढाच, की आता शिव्याशाप देता येतात, असे तो म्हणतो. या उत्तरात अर्धेच सत्य आहे. तिसऱ्या अंकात बेटावर भरून राहिलेल्या नादांचे व स्वप्नांचे जे वर्णन तो करतो, ते या नाटकातील सर्वोत्कृष्ट काव्यांपैकी आहे. स्टेफानो व ट्रिंक्युलो हे गोरे नोकर प्रायः गद्यात बोलतात आणि ज्याला ते राक्षस म्हणून हिणवतात तो कॅलिबन पद्यात बोलतो. शिकविलेल्या भाषेत शिकविणाऱ्यांना न दिसलेले बेट त्याने पाहिले आहे. मात्र ते काव्य तो प्रॉस्परोसमोर कधीच उच्चारत नाही.

प्रॉस्परो आणि कॅलिबन यांचा संबंध कोणत्या प्रकारचा आहे, याविषयी अधिक नेमकेपणाने बोलणे आवश्यक आहे. या बेटावर ऊस वा तंबाखू पिकत नाही, सोने सापडत नाही, काही निर्यात होत नाही. कॅलिबन मळ्यावरचा मजूर नाही. तो सरपण आणतो, चूल पेटवतो, पडेल ते काम करतो. त्याच्याकडे जाण्यास मिरँडा नाखूश असते, तेव्हा त्याच्यावाचून आपले चालणार नाही, असे प्रॉस्परो तिला साधेपणाने सांगतो. वादळे उठविणारा, मृतांना थडग्यांतून उठविल्याचे सांगणारा हा जादूगार लाकडाच्या मोळीसाठी गुलामावर अवलंबून आहे. हे परावलंबन घरगुती आहे आणि म्हणूनच त्यातील चीड इतकी जवळची, रोजची व विषारी आहे. तिसऱ्या अंकाच्या आरंभी फर्डिनंडही हजारो ओंडके वाहताना दिसतो. काम तेच, परंतु राजपुत्राचे श्रम ही प्रेमाची कसोटी ठरते, तिला मुदत आहे आणि शेवटी बक्षीस मिरँडाचे आहे. कॅलिबनच्या श्रमांना यांतले काहीच नाही. दोन्ही प्रवेश लागोपाठ ठेवून शेक्सपिअर भाष्य करीत नाही. ओंडकेच ते करतात.

कॅलिबनचे बंड हास्यास्पद आहे, हे मान्य करावे लागते. ट्रिंक्युलो त्याला प्रथम पाहतो, तेव्हा इंग्लंडमध्ये याचे प्रदर्शन मांडून किती पैसे मिळतील, याचा हिशेब करतो. मेलेला इंडियन पाहण्यासाठी तेथील लोक खिसा रिकामा करतात, असा टोमणाही शेक्सपिअर आपल्याच प्रेक्षकांना मारून घेतो. स्टेफानोच्या बाटलीतील मद्य चाखून कॅलिबन त्याला देव मानतो आणि झरे, फळे दाखविण्याचे जुनेच वचन नव्या धन्याला देतो. स्वातंत्र्याचे गाणे गात तो एका स्वामीकडून दुसऱ्याकडे जातो. ज्याने एकदा अशा आतिथ्याची किंमत मोजली आहे, त्याने तीच चूक पुन्हा करावी, हा प्रसंग हसवता हसवता अस्वस्थ करतो. तरीही कटातील शहाणा तोच आहे. प्रॉस्परोची शक्ती त्याच्या ग्रंथांत आहे, तेव्हा आधी ते हस्तगत करा, असे तो बजावतो. चौथ्या अंकात दोरीवर टांगलेल्या भरजरी कपड्यांना भुलतात ते त्याचे साथीदार, तो नव्हे.

याच अंकात एक चमत्कारिक घटना घडते. फर्डिनंड व मिरँडा यांच्यासाठी प्रॉस्परोने मांडलेला देवतांचा नृत्यसोहळा रंगात आलेला असता कॅलिबनचा कट त्याला एकाएकी आठवतो आणि तो खेळ तेथेच मोडतो. पित्याला इतके क्रुद्ध झालेले आपण कधी पाहिले नव्हते, असे मिरँडा म्हणते. तीन दारुड्यांचा हा कट त्याच्या सामर्थ्यापुढे नगण्य आहे. मग हा क्षोभ कशासाठी? टीकाकारांनी याची अनेक स्पष्टीकरणे दिली आहेत. त्यांतले अधिक पटणारे असे, की भावाने आपल्याला राज्यावरून हुसकावले ही प्रॉस्परोची आयुष्यभराची तक्रार आहे आणि बेटावर नेमकी तीच तक्रार त्याच्याविरुद्ध करणारा एकजण आहे. प्रॉस्परोला हे साम्य कधी शब्दांत मांडता येत नाही. ज्याच्यावर कोणतेही संस्कार टिकत नाहीत असा जन्मजात सैतान, या शब्दांत तो कॅलिबनचा निकाल लावतो आणि भूतांची शिकारी कुत्री त्याच्यावर सोडतो.

पाचव्या अंकातील क्षमेचा उगमही एका सेवकात आहे. आपण मनुष्य असतो तर त्या बंदिवानांना पाहून आपले हृदय द्रवले असते, असे एरिअल म्हणतो आणि तेव्हा कोठे प्रॉस्परो सूडाचा विचार सोडतो. मात्र एरिअलची करुणा अलोंझो, गोंझालो आदी राजमंडळींसाठी आहे. कॅलिबनला शेवटी क्षमा मिळते, ती गुहा नीट आवरण्याच्या अटीवर. त्याच्याकडे निर्देश करून प्रॉस्परो त्या अंधाराच्या पुतळ्याला आपला म्हणून मान्य करतो. स्वतःच्या मनातील काळोखाचा हा स्वीकार होय, असा उदात्त अर्थ पुष्कळांनी लावला आहे. तो अगदी निराधार नाही. पण हे उद्गार ज्या वाक्यात येतात त्यात स्टेफानो व ट्रिंक्युलो हे अलोंझोचे नोकर असून हा आपला, अशी वाटणी चाललेली आहे; तेव्हा मालकीचा अर्थ प्रथम, आत्मज्ञानाचा त्यानंतर. कॅलिबन शहाणपणाने वागण्याचे वचन देतो, दारुड्याला देव मानल्याबद्दल स्वतःला दूषण देतो आणि कामाला जातो. बेटावरील दाव्याचा उच्चार तो पुन्हा करीत नाही आणि इतर कोणी त्याला तसे विचारतही नाही.

नाटकाच्या पुढील इतिहासात हा दावा अधूनमधून डोके वर काढत राहिला. ड्रायडन–डॅव्हनंट यांच्या रूपांतराने (प्रयोग १६६७) कॅलिबनला निव्वळ विनोदी पात्र केले व तेच रूप दीर्घकाळ रंगभूमीवर राहिले. मूळ संहिता १८३८ मध्ये मॅक्रेडी याने रंगभूमीवर परत आणली. कोलरिजने कॅलिबनमध्ये फ्रेंच क्रांतिकारक जहालांचे पूर्वरूप पाहिले, तेव्हा १८१८ मध्ये हॅझ्लिटने त्याला उलट उत्तर दिले, की बेटाचा कायदेशीर धनी कॅलिबन असून प्रॉस्परोच बळकावणारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्क्रांतिवादाच्या प्रभावामुळे कॅलिबन हा वानर व मानव यांमधील हरवलेला दुवा ठरला. डॅन्येल विल्सनचा १८७३ चा ग्रंथ त्याची साक्ष देतो.

निर्णायक वळण मिळाले ते वसाहतींतील लेखकांकडून. १९४७ च्या मादागास्करमधील उठावानंतर ऑक्ताव्ह मानोनी या फ्रेंच लेखकाने १९५० मध्ये वसाहतवादाच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. पराधीनांना परावलंबनाची ओढ असते आणि वसाहतकार प्रॉस्परोप्रमाणे न्यूनगंडाने पछाडलेला असतो, असा त्याचा सिद्धांत होता. फ्रांट्‌स फानों व एमे सेझेर या मार्तिनीकच्या लेखकांनी त्यावर कठोर टीका केली. बंदुकीने लादलेल्या दास्याला मनोग्रंथीचे नाव देणे ही नवी फसवणूक आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. बार्बेडोसच्या जॉर्ज लॅमिंगने १९६० मध्ये भाषेच्या प्रश्नाला हात घातला व इंग्रजीत लिहिणारा कॅरिबियन लेखक हा कॅलिबनचा वंशज होय, असे प्रतिपादिले. क्यूबाच्या रोबेर्तो फेर्नांदेस रेतामार याने १९७१ च्या निबंधात कॅलिबनला लॅटिन अमेरिकेचे प्रतीक मानले. ऊरुग्वायच्या होसे एन्रीके रोदोने १९०० मध्ये तो मान एरिअलला दिला होता. लंडनमध्ये जॉनथन मिलरने १९७० च्या प्रयोगात एरिअल आणि कॅलिबन या दोन्ही भूमिका कृष्णवर्णीय नटांना देऊन मानोनीचा विचार रंगमंचावर आणला. त्यात एकाच सत्तेखालचे दोन सेवक एकमेकांपासून कसे तुटतात, हे विशेष उठून दिसले. त्यानंतरच्या दोन दशकांत विद्यापीठीय समीक्षेत हाच अन्वयार्थ जवळजवळ रूढ झाला व मग त्यावर आक्षेपही येऊ लागले. १६११ मध्ये इंग्रजांची अमेरिकेतील वसाहत अवघी चार वर्षांची व उपासमारीने जर्जर होती, तेव्हा साम्राज्याचा सारा पुढील इतिहास या नाटकावर लादू नये, हा त्यांतील रास्त आक्षेप होय. तो मान्य केला तरी पहिल्या अंकातील अनुत्तरित प्रश्न संहितेतून नाहीसा होत नाही.

कॅलिबनचे पुढे काय होते, याविषयी शेक्सपिअर मौन पाळतो. बीरबोम ट्री याने १९०४ च्या आपल्या प्रयोगात कॅलिबनची भूमिका स्वतः केली व अखेरीस दूर जाणाऱ्या गलबताकडे पाहत बेटावर एकटा उरलेला कॅलिबन दाखविला. सेझेरच्या १९६९ च्या फ्रेंच रूपांतरात गलबत निघून जाते, पण प्रॉस्परो जात नाही. कॅलिबनला ताळ्यावर आणल्याशिवाय बेट सोडावयाचे नाही, या हट्टाने तो मागे राहतो. शेवटच्या दृश्यात तो थकलेला, थंडीने काकडणारा म्हातारा झालेला असतो व कॅलिबनला हाका मारीत असतो. दुरून, लाटांच्या आणि पक्ष्यांच्या आवाजात मिसळलेले, कॅलिबनचे स्वातंत्र्याचे गाणे तेवढे ऐकू येते.